आधी पट्टा काढा!

बैलाच्या मानेला जू लागून घट्टा पडला, कातडी सोलवटली, तर शेतकरी आधी काय करतो? जू उतरवतो. बैलाला चार दिवस विश्रांती देतो. हळद, लोणी, शेक वगैरे जे काय करायचे ते त्यानंतर. जू तसेच मानेवर ठेवून त्याच्या खाली तेल चोपडणारा शेतकरी मी तरी अजून पाहिलेला नाही. आणि कोणी तसे केलेच तर अख्खा गाव त्याला वेड्यात काढील.

कुत्र्याच्या बाबतीत मात्र चांगली शिकली-सवरलेली माणसे नेमके हेच करतात. मानेवरचे केस गेले, कातडी लाल झाली, कुत्रा रात्रभर मागच्या पायाने मान खाजवत बसतो. मग चर्चा सुरू होते: काय लावावे? खोबरेल की कडुलिंब? मलम की पावडर? या सगळ्या चर्चेत गळ्यातला पट्टा जागच्या जागी असतो. तो काढून बघण्याचे कोणाला सुचत नाही! माझे भांडण आहे ते या 'काय लावावे' शी. 'काय काढावे' हा प्रश्न आपण का विचारत नाही?

निमित्त घडले धारवाडला. आपल्या गोव्याला हुबळी-धारवाड काही परके नाही. घाट चढला, लोंढा ओलांडला की अर्ध्या गोव्याचे कोणी ना कोणी तिथे असतेच. माझी मावसबहीण तिथे दिलेली. गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे चार दिवस होतो. तिच्या फाटकाशी एक तांबूस रंगाचा, अर्धा लॅब्रॅडॉर आणि अर्धा ईश्वरी कृपेचा असा कुत्रा बांधलेला असतो. नाव राजा. नावाप्रमाणे गळ्यात रुंद चामडी पट्टा, पितळी बकल आणि फाटकाला अडकवलेली साखळी. पट्ट्याच्या वर आणि खाली दोन-दोन बोटे केस गेलेले, कातडी काळपट आणि जाड, आणि जवळ गेले की आंबूस वास.

गल्लीतल्या प्रत्येकाकडे औषध होते. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "उष्णता झालीया हो, ताकभात घाला." समोरच्या बाईंनी कापूर घातलेले खोबरेल सांगितले. एकाने घरातले माणसांच्या नायट्याचे मलम आणून दिले. आणि गॅरेजवाला तर अगदी खात्रीने म्हणाला, "गाडीचं जळकं ऑइल लावा की! तीन दिवसात लूत साफ." मावसबहिणीचे यजमान ऑइल आणायला निघालेच होते. मी म्हटले, "भावजी, आधी पट्टा तर काढू."

पट्टा काढायला दहा मिनिटे लागली. कारण राजा लहान असताना ज्या भोकात बकल अडकवले होते, त्याच्या पुढे ते फक्त एकदाच सरकले होते. आतली बाजू ओली, बुरसटलेली. बकलाच्या जागी कातडीवर रुपयाएवढा ओला चट्टा. आणि पट्ट्याच्या आडोशाला, एखाद्या चाळीत बिऱ्हाडे राहावीत तशा, ओळीने बसलेल्या गोचिडी. आता या सगळ्यावर जळके ऑइल ओतले असते म्हणजे काय झाले असते, याची कल्पना करा.

पट्ट्याखाली काय चालते ते समजायला पशुवैद्य व्हावे लागत नाही. कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ असते. तिचे संरक्षण करतात ते केस. कुत्रा साखळीला हिसका देतो तेव्हा पट्टा त्याच जागेवर घासतो. केस तुटतात, मग उघडी कातडी घासते. पावसात भिजलेले चामडे दोन-दोन दिवस वाळत नाही. ऊब, ओल आणि घर्षण तिन्ही एकत्र आली की कातडीवर एरवी निमूट राहणारे जंतू आणि बुरशी वाढू लागतात. जंतूंमुळे ओले, लसलसते चट्टे पडतात. बुरशीने कातडी तेलकट, काळी, हत्तीच्या चामड्यासारखी जाड होते आणि तो आंबूस वास येतो. खाज सुटते म्हणून कुत्रा खाजवतो, खाजवतो म्हणून जखम वाढते, जखम वाढते म्हणून खाज. हे चाक थांबवायचे तर आधी त्याचा आस काढावा लागतो. आस म्हणजे तो पट्टा.

आता कोणी म्हणेल, मानेवरचे केस काय फक्त पट्ट्यानेच जातात? नाही. आणि म्हणूनच तर 'हे लावा, ते लावा' हा प्रकार जास्त धोक्याचा आहे. खरजेचा किडा असेल तर बहुतेक वेळा कानांच्या कडा, कोपरे आणि पोटही खाजते, आणि ती खरूज घरातल्या माणसांनाही लागते. डेमोडेक्स नावाचा दुसरा किडा केसांच्या मुळात राहतो. तो लहान पिल्लांत दिसतो आणि माणसाला लागत नाही. नायटा असेल तर गोल चकत्या पडतात, आणि तो मुलांना हमखास लागतो. बकलातल्या निकेलची किंवा चामडे कमावताना वापरलेल्या रसायनांची ॲलर्जी असू शकते. गोचीड मारणाऱ्या औषधी पट्ट्याचीही असते! काही कुत्र्यांची थायरॉइड ग्रंथी मंद झालेली असते. मग कुत्रा सुस्तावतो, लठ्ठ होतो, पट्ट्याखालचे केस एकदा झडले की परत येत नाहीत, आणि गंमत म्हणजे खाज फारशी नसते. एक मान आणि रोग अर्धा डझन. वरून पाहून यातला कोणता, हे मी-मी म्हणणाऱ्या डॉक्टरालाही सांगता येत नाही. तो कातडी किंचित खरवडतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि मग बोलतो. गॅरेजवाला मात्र दुरून बघून बोलतो.

या जळक्या ऑइलचे मला फार दिवस विचारायचे होते. गोव्यातही हे औषध चालते. म्हापशापासून काणकोणपर्यंत कुठेही विचारा, लूत म्हटली की जळके ऑइल! इंजिनात हजारो किलोमीटर उकळून निघालेल्या त्या काळ्या द्रवात धातूंचे कण असतात, कर्करोगाला कारण होणारी संयुगे असतात. ते कातडीतून आत जाते. कुत्र्याला स्वतःची मान चाटता येत नाही हे खरे, पण तो मागच्या पायाने मान खाजवतो आणि मग तो पाय चाटतो. म्हणजे विष पोटात. रॉकेलने कातडी भाजते. फिनेलचे तर नावच नको. माणसांच्या नायट्याच्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असते. त्याने दोन दिवस लाली जाते आणि आत नायटा किंवा खरूज मजेत पसरते. आणि कोणी सांगितले म्हणून आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन आणून घरी टोचणारे महाभाग तर काही विचारू नका. कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींमध्ये ते मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकते, हे औषधाच्या दुकानातला पोऱ्या सांगत नाही.

"पण आमच्या आजोबांच्या कुत्र्याला ऑइलनेच गुण आला होता!" हा युक्तिवाद मी शंभरदा ऐकला आहे. आला असेल. पिल्लांमधला थोडक्या जागेतला डेमोडेक्स पुष्कळदा काहीही न करता आपोआप बरा होतो. त्याचे श्रेय त्या आठवड्यात जे लावले असेल त्याला मिळते. आणि ज्या कुत्र्यांना गुण आला नाही त्यांची हकीकत सांगायला कोणता नातू उरला? जे जगले ते पुरावा झाले, जे मेले ते 'म्हातारा झाला होता' या सदरात गेले. याला अनुभव म्हणत नाहीत, याला सोयीची आठवण म्हणतात.

खरे दुखणे औषधाचे नाहीच. दुखणे आहे ते आपल्या नजरेचे. वर बैलाची गोष्ट काढली ती उगाच नव्हे. पोळ्याच्या आदल्या दिवशी देशावर बैलांची खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद-लोण्याने मळतात, शेकतात. धारवाडकडचा शेतकरी ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुण्णिमे करतो, त्यालाच कोल्हापूरकडे कर्नाटकी बेंदूर म्हणतात. आपल्याकडे दिवाळीत गोरवांचा पाडवा. त्या दिवशी बैलाच्या अंगाला हात लागतो, मान डोळ्यांखालून जाते. ही नुसती भावुकता नव्हती. खांदा सुजला की नांगर थांबतो, हे शेतकऱ्याला ठाऊक होते. कुत्र्याच्या मानेने कोणाचा नांगर थांबत नाही. मान सोलवटली तरी तो भुंकतोच. आणि आपल्याला हवे असते ते भुंकणे.

एवढे करून कुत्र्याबद्दल आपल्या संस्कृतीत बोलायला काही कमी नाही हं! महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिल्लाला काही अपराध नसताना मारतात, आणि ती कुत्री भर यज्ञात येऊन राजाला जाब विचारते, शाप देते. त्याच ग्रंथाच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे, त्यांना आपण चार वेद म्हणतो. भैरवाचे वाहन कुत्रा. खंडोबाबरोबर कुत्रा. हाच खंडोबा कर्नाटकात मैलार होतो. पूर्वी धारवाड जिल्ह्यात असलेल्या आणि १९९७ पासून हावेरी जिल्ह्यात गेलेल्या देवरगुड्डला त्याचे वग्गय्या भक्त देवाचे कुत्रे होऊन भुंकतात, भांड्यातले अन्न तोंडाने खातात. माणसाने देवापुढे कुत्रा व्हावे, इतकी त्या जनावराची थोरवी!

आणि रायगडावरचा वाघ्या? २०१२ साली त्याचा पुतळा उखडला गेला, गदारोळ झाला, पुतळा परत बसला. २०२५ साली तो हटवावा ही मागणी पुन्हा झाली, पुन्हा वाद पेटला. इतिहासाचा निवाडा इतिहासकार करोत, मला त्यात पडायचे नाही. मला एवढेच दिसते की दगडाच्या कुत्र्यासाठी आपण हमरीतुमरीवर येतो, आणि फाटकाशी बांधलेल्या हाडामांसाच्या कुत्र्याच्या मानेकडे सहा-सहा महिने बघत नाही. मूर्तीला पट्टा काचत नाही, हे तिचे नशीब.

हुबळी-धारवाडच्या माणसाला तर मी आणखी एक प्रश्न विचारीन. तुमच्या उत्तरेला बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. तिथल्या घोरपडे या मराठा संस्थानिकांनी, विशेषतः मालोजीराजांनी, शिकारी कुत्र्यांची जात जोपासली. इंग्लंडच्या राजाला या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि त्यानेच 'मुधोळ हाउंड' हे नाव दिले, असे सांगतात. २००५ साली टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले. २०१६ साली लष्कराने मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी घेतली. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्रच आहे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. आता या कुत्र्याचा देह पाहा. लांब, निमुळती मान, त्याहून फारसे रुंद नसलेले डोके, आखूड केस, पातळ कातडी. साधा पट्टा डोक्यावरून सहज निसटतो. म्हणून मालक काय करतो? आणखी एक भोक घट्ट करतो! मग आखूड केसांच्या त्या मानेभोवती टक्कल पडायला कितीसा वेळ लागणार? अशा शिकारी कुत्र्यांसाठी रुंद, मऊ, वेगळ्या घडणीचे पट्टे मिळतात. पण वाऱ्यासारखे धावण्यासाठी घडवलेला कुत्रा हौसेने आणायचा आणि चार हात साखळीला बांधायचा, ही हौस की शिक्षा?

मी सरकारी कारकून, कलमे वाचणे हेच माझे काम. म्हणून कायदाही वाचला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या ११ व्या कलमात स्पष्ट आहे: जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे न फिरवणे हाही गुन्हा. आणि पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरवलेला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. धारवाडात एवढ्यात पाव किलो पेढाही येत नाही. तेव्हा कायद्याच्या भरवशावर राहू नका. हे काम घरातच व्हायला हवे.

भटक्या कुत्र्यांवर माया करणाऱ्यांनाही दोन शब्द. रात्री गाडीखाली येऊ नयेत म्हणून त्यांच्या गळ्यात चमकणारे पट्टे घालतात. हेतू सोन्यासारखा. पण चार महिन्यांच्या पिल्लाला घातलेला पट्टा वर्षाच्या कुत्र्याला फास होतो, आणि तो सैल करायला कोणी फिरकत नाही. कातडीत रुतून बसलेले पट्टे डॉक्टरांना कापून काढावे लागतात. जो पट्टा घालील त्यानेच तो सैल करण्याची जबाबदारी घ्यावी. नाहीतर घालू नये.

"माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यांचे काय घेऊन बसलात?" हाही आक्षेप येणार. अहो, पट्टा काढायला पैसे पडत नाहीत! उलट न काढण्याचे पडतात. गोचीड फक्त खाज आणत नाही, कुत्र्याला रक्ताचे ताप देते, नाकातून रक्त येऊन कुत्रे दगावतात. आणि ती भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणजे नुसता कुत्रा धुऊन भागत नाही, घरही झाडावे लागते. खरूज आणि नायटा घरातल्या पोरांपर्यंत येतो. आपल्या गोव्यात तर हे वेगळे सांगायला नको. घरोघरी, वाड्यावाड्यांवर फिरून कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालली, आणि २०२१ साली राज्य सरकारने जाहीर केले की तीन वर्षांत रेबीजने एकही माणूस दगावलेला नाही. कुत्र्याची काळजी ही माणसाचीच काळजी, हे आपण करून दाखवले आहे. ज्या हातांनी लसीसाठी कुत्रा धरला, त्याच हातांनी पट्टा सैल करायला काय हरकत आहे?

"पट्टा काढला तर कुत्रा पळेल." पळेल तर फाटक लावा. फिरायला नेताना छातीवरून घ्यायचा हार्नेस घाला, म्हणजे ओढ मानेवर येत नाही. मात्र तोही घरी आल्यावर काढायचा. पट्टा घालायचाच तर पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. रात्री पट्टा काढून ठेवावा. भिजला तर वाळेपर्यंत घालू नये. वाढत्या पिल्लाचा दर आठवड्याला तपासावा. केस गेलेच असतील तर पट्टा काढून जागा कोरडी ठेवावी, माणसांचा साबण लावू नये, आणि गुरांच्या डॉक्टरांकडे जाऊन कातडी तपासून घ्यावी.

धारवाडच्या राजाचे डॉक्टरांनी तेच केले. कातडी खरवडून पाहिली. खरूज नव्हती. बुरशी आणि जंतू होते. भोवतीचे केस कापले, औषधी शांपू दिला, गोचिडीसाठी गोळी दिली आणि भावजींना बजावले की महिनाभर गळ्यात काही नको. गॅरेजचे ऑइल गॅरेजातच राहिले. महिन्याने मावसबहिणीचा फोन आला, मानेवर बारीक तांबूस लव आली आहे म्हणून. गल्लीतले लोक मात्र तिला अजून विचारतात, "काय लावलंत हो?"

तिने काही लावले नाही, आधी काढले. एवढी साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरायला किती वर्षे लागणार कोण जाणे. तोपर्यंत आपल्यापैकी ज्यांच्या दारात कुत्रा आहे त्यांनी एवढे करावे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर त्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहावीत. गेली नाहीत तर औषध शोधत बसू नये.